एक्स-मेनचे १४ पिक्चर : तुमचा क्रम कसा लागतो? (आणि भाच्याला 'लोगन' दाखवू का?)

रात्रराणी

नमस्कार मंडळी. सुट्टीला भाचा राहायला आलाय, चौदा वर्षांचा आहे, आणि आल्या दिवशीच म्हणाला मावशी आपण एक्स-मेन (जन्मतःच अचाट शक्ती असलेल्या 'म्युटंट' माणसांचे सुपरहिरो पिक्चर) सगळे ओळीने बघायचे. २०२५ च्या मार्चमध्ये जाहीर झालं ना की नव्या अ‍ॅव्हेंजर्समध्ये पॅट्रिक स्टुअर्ट, इयान मॅकेलन, जेम्स मार्सडन, रिबेका रोमेन ही जुनी मंडळी परत येणार, तेव्हापासून म्हणे त्यांच्या वर्गात हाच विषय आणि ह्याने एकही धड बघितलेला नव्हता, नुसते मोबाईलवरचे तुकडे. मी पहिला बघितला तेव्हा कॉलेजात होते, २००० सालचा आहे तो, त्यामुळे मलाही निमित्तच हवं होतं. रोज रात्री जेवणं आटपली की एक. डेडपूलचे तीन आणि लोगन (म्हणजे नखांवाला वुल्व्हरिन, त्याच्या नावाचा पिक्चर) बाजूला ठेवले, बाकीचे दहा काल संपले.

आणि आता क्रमावरून भांडण लागलंय. माझा पहिला नंबर 'एक्स टू', त्यानंतर 'फर्स्ट क्लास', मग 'डेज ऑफ फ्युचर पास्ट', मग सगळ्यात पहिला एक्स-मेन, पाचवा जपानवाला 'द वुल्व्हरिन', आणि तिथून पुढे उतारच आहे, 'अपोकॅलिप्स', 'लास्ट स्टँड', 'न्यू म्युटंट्स', 'डार्क फिनिक्स' आणि तळाला 'ओरिजिन्स'. भाच्याच्या यादीत 'डेज' पहिला, इथवर ठीक, पण 'अपोकॅलिप्स' दुसरा आणि माझा 'एक्स टू' सहावा! सहावा!!

आता सांगा, सुरुवातीलाच तो नाइटक्रॉलर व्हाइट हाउसमध्ये घुसतो, मागे मोझार्टच्या रिक्वीमचा कोरस, निळा धूर, शेपटी, इकडे दिसतो तिकडे गायब होतो आणि एकेक गार्ड आडवा, हे २००३ चं आहे आणि आजही कुठे जुनं वाटत नाही. पण खरं सांगायचं तर माझ्यासाठी तो पिक्चर वर जातो तो बॉबीच्या घरच्या सीनमुळे. पोरगं आईबापासमोर बसून सांगतं की मी म्युटंट आहे, आणि आई विचारते, तू म्युटंट न राहण्याचा प्रयत्न करून बघितलास का? धाकटा भाऊ तोवर वर जाऊन पोलिसांना फोन लावतो. एवढ्या मोठ्या बजेटच्या पिक्चरमध्ये सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट एका दिवाणखान्यात घडते. भाचा म्हणतो त्यात काहीच होत नाही मावशी, सगळे नुसते बसलेत.

तर तुमचा क्रम सांगा, पण कारणासकट, नुसते आकडे नकोत.

आणि दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. लोगन दाखवू का? रक्त, शिव्या वगैरे आहेच, अमेरिकेत त्याला आर रेटिंग होतं. पण माझी काळजी वेगळी आहे. माझे बाबा म्हणजे त्याचे आजोबा आमच्याकडेच असतात आणि गेल्या दीड वर्षापासून त्यांना विसरायला होतंय, कधी कधी ह्याला माझ्या भावाच्या नावाने हाक मारतात, आणि लोगनमधला म्हातारा झेवियर (म्युटंट पोरांची शाळा चालवणारा प्रोफेसर) कसा दाखवलाय ते तुम्हाला माहितीच आहे. पोरगं विचारतंय रोज, की सगळे ज्याला बेस्ट म्हणतात तोच कसा नाही बघायचा.

(ज्यांनी बघितले नाहीत त्यांनी पुढे वाचू नका, प्रतिसादांत सगळी रहस्यं फुटणार.)

टेकडीवरचा

भाच्याला माझा पाठिंबा! 'डेज ऑफ फ्युचर पास्ट' पहिलाच. अपोकॅलिप्स दुसरा हे मात्र मीही मान्य करणार नाही.

कारण सांगतो. बाकी सुपरहिरो पिक्चरमध्ये शेवटी कोणालातरी मारायचं असतं, इथे एक खून थांबवायचा आहे, १९७३ साली पॅरिसमध्ये मिस्टीक ही रूप बदलणारी म्युटंट त्या ट्रास्कला, म्हणजे सेंटिनल रोबो बनवणाऱ्याला, मारणार आणि त्या एका गोळीमुळे पुढे सेंटिनल रोबो सगळ्यांना संपवणार. म्हणजे ज्याला वाचवायचं तो म्युटंट लोकांचा शत्रू आणि जिला अडवायचं ती आपली. असली मांडणी कितीजण करतात? त्यात तो तरुण झेवियर, पाय परत मिळावेत म्हणून औषध टोचून घेतो आणि त्यापायी शक्ती घालवून बसलाय, दाढी वाढवून दारू पित पडलेला माणूस, शाळा बंद. तो लोगनच्या मनातून पुढच्या काळात जातो आणि स्वतःच्याच म्हातारपणाशी बोलतो, जेम्स मॅकअव्हॉय आणि पॅट्रिक स्टुअर्ट समोरासमोर. मी थिएटरात बघितला तेव्हा सगळे चिडीचूप बसले होते.

मूळ कॉमिक १९८१ चं, फक्त दोन अंकांची गोष्ट, क्रिस क्लेअरमाँट आणि जॉन बर्न यांची. त्यात भूतकाळात किटी प्राइड स्वतःच जाते. पिक्चरमध्ये लोगनला पाठवलं तेव्हा कॉमिकवाले चिडले होते, पण कारण चांगलं दिलंय, एवढ्या मागे गेलं तर कोणाचाही मेंदू फाटेल, ह्याचा आपोआप भरून येतो.

आणि विजेच्या वेगाने पळणाऱ्या क्विकसिल्व्हरचा तो पेंटागॉनच्या किचनमधला सीन. जिम क्रोचीचं गाणं हळू चाललंय, पाण्याचे थेंब हवेत थांबलेत, हा सूप चाखतोय, एकाची टोपी घालतोय, गोळ्या बोटाने अलगद बाजूला करतोय. तुमच्या भाच्याने अपोकॅलिप्स दुसरा ठेवला तो नक्की त्यातल्या क्विकसिल्व्हरमुळे, बरोबर ना? पण अपोकॅलिप्समधला तो सीन ह्याचीच मोठी आवृत्ती आहे, पहिल्यांदा बघताना जी गंमत आली ती दुसऱ्यांदा येत नाही.

शेवटी लोगन जागा होतो, शाळा गजबजलेली, जीन दारात उभी, मागून स्कॉट (म्हणजे सायक्लॉप्स) येतो. 'लास्ट स्टँड'ने २००६ ला जे मोडून ठेवलं होतं ते आठ वर्षांनी परत जोडलं. मी स्कॉटचा चाहता आहे, त्याला तिसऱ्या भागात अर्ध्या तासात उडवला होता, त्यामुळे ते दोन सेकंद माझ्यासाठी फार मोठे आहेत.

माझा क्रम : डेज, लोगन, एक्स टू, फर्स्ट क्लास, पहिला, पहिला डेडपूल, बाकीचे नंतर.

लोगनबद्दल माझं मत, थांबा. चौदा लहान वय आहे, पिक्चर कुठे पळून जात नाहीये.

अडीच_घरं

माझ्या वैयक्तिक मते हे सगळे पिक्चर झेवियर आणि मॅग्नेटो ह्या दोन म्हाताऱ्यांच्या बुद्धिबळाचे आहेत आणि वुल्व्हरिन हा मधे आलेला पाहुणा आहे. पहिला पिक्चर संपतो तो बघा, धातू मनाने हलवणारा मॅग्नेटो प्लास्टिकच्या तुरुंगात, झेवियर समोर, दोघांत पट मांडलेला. एकमेकांना हरवायचं आहे, पण दुसरा कायमचा जावा असं दोघांनाही वाटत नाही. स्टुअर्ट आणि मॅकेलन दोघेही रॉयल शेक्सपियर कंपनीत घडलेले नट, त्यांना संवाद कमी दिला तरी ते नजरेने भरून काढतात.

म्हणून माझा पहिला 'फर्स्ट क्लास', २०११, मॅथ्यू व्हॉनचा. त्यात ती मैत्री जुळते कशी आणि तुटते कशी हे दोन्ही दिसतं. एरिकला (म्हणजे तरुण मॅग्नेटोला) ती डिश अँटेना फिरवता येत नाही, रागाने जोर लावतोय, तर चार्ल्स (तरुण झेवियर) त्याच्या आठवणीत शिरून आईने मेणबत्त्या लावल्या होत्या तो क्षण शोधून काढतो, दोघांच्याही डोळ्यांत पाणी, आणि मग ती अवाढव्य डिश करकरत फिरते. एरिकला त्याच्या आयुष्यात कोणीतरी पहिल्यांदा रागाशिवाय काहीतरी परत दिलं असेल तर ते तिथे.

आणि मग ते नाणं. छळछावणीत खलनायक शॉ लहान एरिकला म्हणतो हे नाणं हलव, नाहीतर तुझ्या आईला गोळी घालतो. वीसेक वर्षांनी एरिक तेच नाणं हळूहळू शॉच्या कपाळातून आरपार नेतो, आणि तेव्हा शॉचं मन पकडून ठेवलेलं असतं चार्ल्सने. म्हणजे किंकाळी शॉची नाही येत, चार्ल्सची येते! हा जो जोड-शॉट आहे ना, इकडे नाणं सरकतंय तिकडे चार्ल्स ओरडतोय, अख्ख्या सिरीजमध्ये ह्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. लगेच पुढे क्यूबाच्या किनाऱ्यावर, १९६२ चं क्षेपणास्त्र प्रकरण चाललंय, सीआयएवाल्या मोइराच्या गोळ्या एरिक हाताने उडवतो आणि त्यातली एक चार्ल्सच्या पाठीत. मित्राचे पाय मित्रामुळेच गेले.

आमच्या घरी वडील ह्यांना मवाळ आणि जहाल म्हणायचे. चार्ल्स म्हणजे गोखले, एरिक म्हणजे टिळक. ही तुलना फार ताणता येत नाही हे मला कळतं, मॅग्नेटो अख्खी माणूसजात संपवायला निघतो आणि टिळकांचं तसलं काही नव्हतं, त्यांचा लढा राज्यकर्त्यांशी होता. पण एक गोष्ट जुळते. १९१५ ला गोखले गेले तेव्हा आयुष्यभर त्यांच्याशी वाद घातलेले टिळक अंत्ययात्रेत बोलले आणि त्यांना महाराष्ट्राचं रत्न म्हणाले. 'लास्ट स्टँड'मध्ये चार्ल्स गेल्यावर मॅग्नेटोचा चेला पायरो म्हणतो मी मारला असता त्याला, तेव्हा मॅग्नेटो ज्या पद्धतीने त्याला गप्प करतो ते बघताना मला वडिलांची तुलना दर वेळी आठवते.

@टेकडीवरचा, डेज चांगलाच आहे, पण त्यात शेवटी मॅग्नेटोने अख्खं स्टेडियम उचलून व्हाइट हाउसभोवती आणून ठेवलं ते मला उगाच वाटलं. एक नाणं पुरतं.

शेवटची_रांग

सगळे 'लास्ट स्टँड'ला खाली ढकलताय म्हणून लिहिते. मी इथे वाचते बरेचदा, लिहीत नाही.

पिक्चर म्हणून त्यात खूप चुका आहेत, मान्य. जीनची फिनिक्स होते ही एवढी मोठी गोष्ट आणि तिला नुसतं उभं ठेवलंय, सायक्लॉप्सचं तर वर लिहिलंच आहे. पण त्यात जो प्रश्न आहे तो बाकीच्या तेरापैकी एकाही पिक्चरने विचारलेला नाही. औषध निघालंय. एक इंजेक्शन, की तुम्ही म्युटंट नाही राहत. घ्याल?

मला वयाच्या नवव्या वर्षापासून कोड आहे. हातावर, मानेवर, आता चेहऱ्यावरही. तो काही संसर्गजन्य नाही, त्याने दुखत नाही, तरी लहानपणापासून घरी येणारा प्रत्येक पाहुणा काहीतरी औषध सांगून गेलाय. लेप, पथ्य, कुठल्या गावचा वैद्य. लग्नाच्या वेळेला तर विचारूच नका. सगळ्यांना माझी काळजीच होती हेही खरं आहे. तर त्या पिक्चरमध्ये स्टॉर्म चिडून म्हणते की आपल्यात बरं करण्यासारखं काही नाहीच आहे, आणि मला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण लगेच समोर 'रोग' नावाची म्युटंट मुलगी उभी आहे, जी कोणालाही हात लावू शकत नाही, लावला तर समोरचा मरेल. स्टॉर्मला ढग बोलावता येतात, दिसायला सुंदर आहे, तिला हे म्हणणं सोपं आहे. रोग जाऊन इंजेक्शन घेऊन येते. बऱ्याच जणांनी तेव्हा लिहिलं होतं की तिने घ्यायला नको होतं, हार मानली. मला कधीच तसं वाटलं नाही. ती ज्या अंगात राहते ते अंग तिचं आहे.

आणि बीस्टचा तो एक सीन आठवतोय का कोणाला? ज्या मुलापासून औषध बनवतात त्याच्याजवळ गेलं की शक्ती जाते. बीस्ट त्याच्या दिशेने हात पुढे करतो आणि निळे केस जाऊन साधा माणसाचा हात दिसतो. तो नुसता बघत राहतो हाताकडे. काही बोलत नाही. मग हात मागे घेतो. पाचेक सेकंदांचं असेल. मी ते इतक्या वेळा बघितलंय की मोजदाद नाही.

आणि मिस्टीक मॅग्नेटोवर आलेली सुई स्वतःवर घेते, निळा रंग जातो, जमिनीवर उघडी पडलेली असते, आणि हा म्हणतो तू आता आमच्यातली राहिली नाहीस, आणि निघून जातो. @अडीच_घरं, तुमच्या टिळकांनी असं केलं नसतं.

माझा क्रम : एक्स टू, लास्ट स्टँड, लोगन, फर्स्ट क्लास, डेज. पुढचे मला सारखेच.

अडीच_घरं

@शेवटची_रांग, नाही केलं असतं, खरंय. आणि बीस्टचा हात मी पूर्ण विसरलो होतो. लास्ट स्टँड आज रात्री परत लावतो.

रात्रराणी

@शेवटची_रांग तुमचा प्रतिसाद मी भाच्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो काही बोलला नाही पण त्याने त्याच्या वहीतली यादी खोडून लास्ट स्टँड नवव्यावरून पाचव्यावर नेलाय. लिहीत राहा तुम्ही.

@टेकडीवरचा हो, क्विकसिल्व्हरच कारण आहे. पण अपोकॅलिप्समध्ये मलाही एक गोष्ट फार आवडते, मॅग्नेटो पोलंडमध्ये नाव बदलून राहतोय, पोलादाच्या कारखान्यात कामाला जातो, बायको आणि छोटी मुलगी आहे, आणि एका कामगाराचा जीव वाचवायला शक्ती वापरतो म्हणून पकडला जातो. चांगलं केलं म्हणून सगळं गेलं. तो अर्धा तास वेगळा काढला तर तो पहिल्या तिनात येईल. मग तो निळा अपोकॅलिप्स येतो आणि कैरोत सगळं उडायला लागतं. ऑस्कर आयझॅकसारखा नट त्या मेकअपखाली पार गाडून टाकलाय.

दूरदेशी

व्हँकुव्हरहून लिहितोय, इथे आलो २०१३ ला. एक्स-मेनचं अर्धं जग इथलंच आहे, न्यूयॉर्क म्हणून दाखवतात आणि असतं हे. झेवियरची शाळा म्हणून 'एक्स टू', 'लास्ट स्टँड' आणि डेडपूलमध्ये जो वाडा दिसतो तो हॅटली कॅसल, इथून फेरी पकडून व्हिक्टोरियाच्या बाजूला जायचं, तिथे खरंच कॉलेज आहे, रॉयल रोड्स युनिव्हर्सिटी. आईबाबा आले होते तेव्हा घेऊन गेलो. बाबा म्हणाले इथे प्रवेश मिळवायला काय लागतं, मी म्हटलं पिक्चरमध्ये तर ज्याला कुठेच घेत नाहीत त्याला घेतात. त्यांना ते इतकं आवडलं की परत घरी जाऊन त्यांनी पहिला पिक्चर बघितला. पहिल्याची शाळा मात्र इथली नाही, त्याचं शूटिंग ओंटारिओत झालं.

पहिल्या डेडपूलसाठी २०१५ ला आमच्याकडचा जॉर्जिया व्हायाडक्ट गाड्यांना बंद केला होता, त्या पुलावरची मारामारी तीच. रोज कामाला जायचा रस्ता तो, फिरून जावं लागायचं आणि तरी मला काही वाटलं नाही. पिक्चर आला तेव्हा पहिल्याच शोला गेलो, आजूबाजूला सगळे कॅनेडियन, आणि सुरुवातीलाच टॅक्सीत डोपिंदर बसलाय आणि गाणं लागलंय 'मेरा जूता है जापानी'. १९५५ चं गाणं! मला एकदम भरूनच आलं. तो डोपिंदर म्हणजे करण सोनी, तो दिल्लीत वाढलेला आहे. दुसऱ्या डेडपूलमध्ये त्याच टॅक्सीत 'स्वदेस'मधलं 'यूँ ही चला चल' वाजतं, म्हणजे आपल्या आशुतोष गोवारीकरांच्या पिक्चरचं गाणं, आणि परदेशात राहणाऱ्या माणसाला ते गाणं ऐकून काय होतं ते मी वेगळं सांगायला नको.

लोकांना डेडपूल म्हणजे शिव्या आणि पाचकळपणा वाटतो. पण २०१६ चा तो पिक्चर ५.८ कोटी डॉलरात झाला, ह्या धंद्यात ती छोटी रक्कम आहे. रायन रेनॉल्ड्स वर्षानुवर्षं त्याच्या मागे लागला होता. २००९ च्या ओरिजिन्समध्ये त्यालाच डेडपूल केला होता आणि तोंड शिवून टाकलं होतं, बडबड करणं हीच ज्याची ओळख त्याचं तोंड शिवलं! ती चूक दुरुस्त करायला सात वर्षं झगडला. मला हे त्या पिक्चरपेक्षाही आवडतं.

आणि २०२४ चा 'डेडपूल अँड वुल्व्हरिन' मी सगळ्यात वर ठेवणार नाही, कथा पातळ आहे, पण शेवटच्या श्रेयनामावलीत ग्रीन डेचं गाणं लावून जुन्या पिक्चरांच्या शूटिंगचे तुकडे दाखवलेत ना, तरुण ह्यू जॅकमन, पहिल्यांदा नखं लावलेला, हसणारी हॅली बेरी, तिथे मी शेवटपर्यंत उठलो नाही. २०१९ ला डिस्नेने फॉक्स घेतलं आणि हे जग संपलं होतं, त्याला कोणीतरी नीट निरोप दिला.

माझा क्रम : लोगन, डेडपूल एक, एक्स टू, डेज, डेडपूल अँड वुल्व्हरिन. तळाला डार्क फिनिक्स. सायमन किनबर्ग लास्ट स्टँडच्या लेखकांपैकी एक, म्हणजे तीच गोष्ट त्याला परत सांगायची संधी मिळाली, स्वतः दिग्दर्शक, आणि दुसऱ्यांदाही हातातून निसटली. फार वाईट वाटलं मला.

पारिजात

@रात्रराणी, मी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आले.

माझ्या सासऱ्यांना सात वर्षं स्मृतिभ्रंश होता, २०२२ ला गेले. शेवटची चार वर्षं सगळं अंथरुणात. शाळेत गणित शिकवायचे ते, गावात मान होता, आणि शेवटी शेवटी मला म्हणायचे बाई तुम्ही कोण, मला घरी सोडा. लोगन मी २०१७ ला थिएटरात नाही बघितला, घरी बघितला, ते झोपल्यावर, दोन रात्री मिळून.

त्यात २०२९ साल आहे, झेवियर नव्वदीचा, आणि लोगनने त्याला सीमेपलीकडे मेक्सिकोत एका आडव्या पडलेल्या पाण्याच्या टाकीत लपवून ठेवलंय. जगातला सगळ्यात ताकदवान मेंदू बिघडलाय, झटका आला की आजूबाजूची माणसं मरू शकतात. लोगन गाडी चालवून पैसे मिळवतो ते औषधासाठी. औषध वेळेवर देतो, उचलून बाथरूमला नेतो, चिडतो, ओरडतो, आणि परत उचलतो. ते चिडणं दाखवलंय ना, त्यासाठी माझा तो पहिल्या नंबरवर आहे. सेवा करणारा माणूस टीव्हीवर नेहमी देवासारखा शांत दाखवतात. मी शांत नव्हते. दरवाजा आपटलाय मी. मग पाच मिनिटांनी आत जाऊन पाणी पाजलंय.

झेवियर एका शेतकरी कुटुंबाच्या घरी जेवतो, नीट पलंगावर झोपतो, आणि रात्री म्हणतो की कित्येक वर्षांत इतकी चांगली रात्र गेली नव्हती. मग त्याला आठवतं की आपल्या झटक्यात आपलीच माणसं गेली होती, लोगनने इतके दिवस ते त्याच्यापासून लपवलं होतं. आणि त्याच पलंगावर त्याच्यावर वार होतो, थोड्या वेळात तो जातो. दुसऱ्या दिवशी लोगन त्याला पाण्याच्या काठाशी पुरतो आणि दोन शब्द बोलायला उभा राहतो तर त्याला बोलताच येत नाही. इथे पाणी आहे, एवढंच म्हणतो. आमच्याकडे दहाव्याला मला सगळे बोल म्हणत होते तुझ्याबद्दल त्यांना किती माया होती, सांग काहीतरी. मी म्हटलं त्यांना मऊ भात आवडायचा. पुढे शब्दच नाही आले.

आता मुलाचं. माझा मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा होता आणि तो घरात हे सगळं रोज बघत होता. मुलं बघतातच हो. आपण त्यांच्यापासून जे झाकतो ते त्यांना आधीच माहीत असतं, फक्त त्यावर कोणाशी बोलायचं ते माहीत नसतं. मी त्याला दाखवला, शेजारी बसून. मारामारी भयंकर आहे, लॉरा नावाची लहान मुलगी माणसांना अक्षरशः चिरते, तिथे मी म्हटलं होतं हवं तर डोळे मीट. त्याला मारामारीचं काही वाटलं नाही. त्याला औषधाच्या गोळ्यांचा सीन लागला.

तुम्ही एकटी आधी परत एकदा बघा, मग ठरवा. दाखवलात तर रात्री उशिरा नको, दुपारी दाखवा, म्हणजे नंतर बोलायला वेळ राहतो. आणि बाबा दुसऱ्या खोलीत असतील तेव्हाच.

बाकीच्या पिक्चरांचा क्रम मला लावता येणार नाही, लोगन आणि मग उरलेले सगळे.

टेकडीवरचा

@पारिजात, मी माझं वरचं मत मागे घेतो. मी फक्त रक्ताचा विचार केला होता.

रात्रराणी

उशिरा लिहितेय, चार दिवस झाले. पारिजातताई, तुम्ही सांगितलं तसंच केलं. शुक्रवारी मी एकटीने बघितला, रविवारी दुपारी दोघांनी.

सुरुवातीला तो एकदम जोरात होता, नखं बाहेर आली की वाघनखं वाघनखं म्हणून ओरडायचा, लहानपणापासून तो त्यांना तेच म्हणतो. टाकीतला झेवियर आला तशी बडबड थांबली. मधे हॉटेलच्या खोलीत टीव्हीवर तो जुना वेस्टर्न लागतो, 'शेन', झेवियर आणि लॉरा पलंगावर बसून बघतात, तिथे विचारलं मावशी हा खरा पिक्चर आहे का, म्हटलं हो, १९५३ चा. शेवटी लॉरा त्यातलेच शब्द थडग्यापाशी म्हणते तेव्हा त्याने ते ओळखले, मला सांगावं लागलं नाही. मग ती थडग्यावरचा क्रॉस उपटून तिरका करते, एक्स होतो. तो म्हणाला आता बंद नको करू, नावं संपू दे. जॉनी कॅशचं गाणं पूर्ण ऐकलं.

नंतर मी म्हटलं कितवा नंबर देतोस. बराच वेळ वहीकडे बघत होता. मग म्हणाला हा यादीत नको, ह्याला वेगळं पान. आणि खरंच वेगळ्या पानावर नुसतं नाव लिहून ठेवलंय. बाकी यादीत डेज पहिला कायम, एक्स टू सहाव्यावरून तिसऱ्यावर आलाय, बॉबीच्या आईमुळे नाही, रात्री शाळेवर हल्ला होतो तेव्हा लोगन पोरांसाठी एकटा उभा राहतो त्यामुळे. ठीक आहे, मी घेतलं ते. दुसरा आता फर्स्ट क्लास, अडीच_घरं यांच्या नाण्याबद्दल वाचून त्याने तो सीन तीनदा लावला.

रात्री जेवताना बाबांनी त्याला परत मामाच्या नावाने हाक मारली. एरवी तो दुरुस्त करतो, आजोबा मी तो नाही. ह्या वेळी नुसता ओ म्हणाला आणि पाणी नेऊन दिलं.

एक प्रश्न राहिलाय त्याचा, मला उत्तर येत नाही. लोगन २०१७ च्या पिक्चरमध्ये मेला, मग २०२४ च्या डेडपूलबरोबर पिवळ्या कपड्यांत आहे तो कोण? हे सगळं खोटं पाडलं का त्यांनी? ह्यावरून तो जरा घुश्शात आहे.

टेकडीवरचा

त्याला सांगा नाही पाडलं. २०२४ चा पिक्चर सुरूच होतो तो डेडपूल लोगनची कबर खणतो तिथून, त्याला वाटतं हा मेलेला नसणार, आणि आत सांगाडाच असतो. म्हणून मग तो दुसऱ्या विश्वातला वुल्व्हरिन शोधून आणतो, ज्याने तिकडे स्वतःच्या माणसांना वाचवलं नाही असा. आपला लोगन जिथे पुरला तिथेच आहे. आणि लॉरा त्यातही भेटते, तीच डॅफ्ने कीन, आता मोठी झालेली, ती त्या दुसऱ्या वुल्व्हरिनशी शेकोटीपाशी बसून बोलते. पण तो पिक्चर त्याला अजून तीनचार वर्षांनी दाखवा, ह्या बाबतीत मी मत बदलणार नाही.